आधी सरपण, मग धुराडे

अमेरिकेच्या थंड भागात जुने घर पाहायला गेलेल्या माणसाला दिवाणखान्यातली विटांची फायरप्लेस हमखास आवडते. पण बाहेर उणे दहा अंश असताना त्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडे पेटवली, तर समोर बसणाऱ्याचे गुडघे शेकतात आणि मागच्या खोल्या आधीपेक्षा गार पडतात. उघडा जाळ धुराड्यातून फक्त धूर बाहेर नेत नाही. तो मिनिटाला शेकडो घनफूट हवा ओढून नेतो, आणि ती हवा घरातलीच असते, गॅसचे किंवा तेलाचे बिल भरून तापवलेली. तिची जागा भरायला दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीत उरतो. कडाक्याच्या थंडीत तर हा हिशेब उणेही होतो.

ही अडचण जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1740च्या दशकाच्या सुरुवातीला बिडाच्या पाट्यांची एक पेटी करून ती फायरप्लेसच्या जागी बसवली आणि 1744 साली तिच्यावर पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने देऊ केलेले पेटंट त्याने घेतले नाही; उपयोगाची वस्तू सर्वांना मोकळी असावी, असे त्याचे मत होते. धूर सरळ वर सोडण्याऐवजी आधी खाली वळवायचा आणि वाटेत त्याची उष्णता काढून घ्यायची, अशी त्याची युक्ती होती. व्यवहारात मात्र पेटी नीट तापलेली नसली की धूर खोलीत पसरे, कारण गार धूर वर चढत नाही. पुढे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउसने धुराची वाट सोपी केली, तेव्हा कुठे तो स्टोव्ह घरोघर चालू लागला. त्याच शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डने फायरप्लेस उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा आवळला. त्याच्या 1796च्या निबंधानंतर लंडनमधल्या कितीतरी फायरप्लेस त्या पद्धतीने बदलून घेण्यात आल्या.

फ्रँकलिनची पेटी जिथे अडली, तिथेच आजचा ग्राहकही अडतो. धुराडे हे लाकडी उष्णतेचे इंजिन आहे आणि ते स्वतः गरम राहिले तरच चालते. सगळी उष्णता खोलीत ठेवण्याचा लोभ धरला की इंजिन बंद पडते. दुकानात मात्र काचेमागचा सुंदर जाळ दाखवला जातो. धुराडे आणि सरपण हे दोन विषय तिथे निघाले तर निघतात. माझ्या मते निवड या दोन विषयांपासून सुरू व्हावी आणि लोखंडी पेटीचा नंबर शेवटी लागावा.

आधी वस्तू कोणती ते पाहू. काश्मीर किंवा लडाखला हिवाळ्यात गेलेल्यांनी बुखारी पाहिली असेल. वुडस्टोव्ह हा त्याच कुळातला: चारी बाजूंनी बंद, पुढे काचेचे दार, हवा आत सोडायला एक खटका आणि वरून निघणारा धुराचा पाइप. हा खोलीत मोकळा उभा असतो आणि सगळ्या अंगांनी उष्णता फेकतो. इन्सर्ट म्हणजे असाच स्टोव्ह, पण जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवायचा. त्याचे फक्त तोंड खोलीकडे असते, बाकीचे अंग विटांमध्ये. म्हणून बहुतेक इन्सर्टना पंखा असतो, जो पेटीभोवतीची गरम हवा बाहेर ढकलतो.

आता जाळाकडे. लाकूड एकदम पेटत नाही. आधी त्यातले पाणी उडते. मग सुमारे दोन-तीनशे अंश सेल्सिअसला लाकडाचे विघटन होऊन वायू सुटतात. शेवटी कोळसा उरतो, तो शांतपणे लाल जळतो. लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा त्या मधल्या वायूंमध्ये असते, आणि ते पुरे जळायला सुमारे सहाशे अंश तापमान आणि पुरेशी हवा लागते. तापमान कमी पडले किंवा हवा तोडली, की तेच वायू धूर होऊन निघून जातात. धुराड्यातून दिसणारा दाट करडा धूर म्हणजे पैसे मोजून आणलेले, न जळलेले सरपण. चांगल्या स्टोव्हच्या धुराड्यातून, पेटवतानाची दहा-पंधरा मिनिटे सोडली, तर धूर जवळजवळ दिसत नाही.

हे समजायला अमेरिकेला मोठी किंमत द्यावी लागली. 1973च्या तेलसंकटानंतर तिथे लोखंडी, हवाबंद स्टोव्हची लाट आली. रात्री मोठाले ओंडके भरायचे, हवेचा खटका जवळजवळ बंद करायचा आणि सकाळपर्यंत धुमसू द्यायचे, ही पद्धत घरोघर रुळली. खोऱ्यांतली गावे धुराने भरली आणि धुराड्यांना आगी लागू लागल्या. ओरेगन राज्याने 1983 साली कायदा केला. मग 1988 साली देशाच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, मर्यादा घातल्या: साध्या स्टोव्हच्या धुरात ताशी साडेसात ग्रॅम कण, कॅटॅलिस्ट (त्याविषयी पुढे) असलेल्याच्या 4.1 ग्रॅम. 2020च्या मे महिन्यापासून ही मर्यादा दोन ग्रॅमवर आली आहे. नेहमीच्या फोडलेल्या सरपणावर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅम. त्यामुळे 1980 सालचा स्टोव्ह कोणी फुकट देऊ केला तरी घेऊ नये. तो भंगारातच जायला हवा.

प्रमाणपत्र असले म्हणून डोळे मिटायचे, असेही नाही. ईपीएच्याच महानिरीक्षकांनी 2023च्या फेब्रुवारीत अहवाल दिला की, स्टोव्ह बाजारात येण्याआधी त्यांची नीट चाचणी होते याची खात्री या कार्यक्रमातून मिळत नाही. प्रयोगशाळेतली चाचणी तज्ज्ञ करतात, मोजूनमापून रचलेल्या लाकडावर. घरी जाळ घालणारे आपण असतो, हाताला लागेल ते लाकूड टाकून. तेव्हा लेबलवरचा आकडा ही किमान पात्रता समजावी. पुढचे आपल्या हातात.

वायू जाळण्याचे दोन मार्ग आहेत. एकात पेटीच्या वरच्या भागात भोके पाडलेल्या नळ्या असतात; त्यांतून तापलेली हवा ज्वालांवर सुटते आणि धूर तिथेच पेट घेतो. दुसऱ्यात धुराच्या वाटेत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचा मुलामा असतो आणि तिच्यामुळे तोच धूर तीनशे अंशांच्या आतबाहेर जळू लागतो. हाच कॅटॅलिस्ट. मंद आणि दीर्घ जाळ हवा असेल, म्हणजे दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाला संध्याकाळी घर उबदार हवे असेल, तर कॅटॅलिस्ट चांगला. पण तो जपावा लागतो. रंग दिलेले लाकूड, प्लायवुड, समुद्राचे खारे लाकूड घातले की तो मरतो, आणि जपला तरी दहा-बारा हजार तासांनी बदलावा लागतो. शनिवार-रविवारी हौसेने पेटवणाऱ्याने नळ्यांचा साधा स्टोव्ह घ्यावा. बीड की पोलाद या वादात फारसे तथ्य नाही. बीड हळू तापते आणि हळू निवते, पोलाद चटकन तापते. दोन्हींत चांगले-वाईट नमुने आहेत. सोपस्टोनचे दगडी अस्तर ऊब धरून ठेवते, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढवते.

आकाराच्या बाबतीत मात्र चूक महाग पडते, आणि ती नेहमी एकाच दिशेने होते: लोक गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतात. माहितीपत्रकावर ताशी सत्तर हजार बीटीयू (उष्णता मोजण्याचे अमेरिकेतले एकक) असे काही छापलेले असते. तो पेटी ठासून भरून, हवा पूर्ण सोडून मिळणारा कमाल आकडा. खोलीला एवढी उष्णता लागतच नाही. ब्रिटनमध्ये एक ठोकताळा वापरतात: खोलीचे घनमीटर काढायचे आणि 14ने भागायचे, येतील तेवढे किलोवॅट. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच दिवाणखाना म्हणजे 72 घनमीटर. त्याला पाच किलोवॅट, म्हणजे ताशी सुमारे सतरा हजार बीटीयू पुरतात. वाळलेल्या लाकडातून किलोला चार युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा मिळते. स्टोव्हने त्यातली तीन-चतुर्थांश खोलीला दिली, तर तासाला पावणेदोन किलो लाकूड झाले. भिंतींतून थंडी शिरत असेल किंवा एकाच स्टोव्हवर सगळे घर तापवायचे असेल, तर हिशेब वाढेल हे खरे. पण दहा किलोवॅटचा स्टोव्ह त्या दिवाणखान्यात ठेवलात, तर तासाभरात खिडक्या उघडाल किंवा हवेचा खटका दाबून जाळ धुमसत ठेवाल. 1970च्या दशकातली तीच सवय मग नव्या स्टोव्हमध्ये परत येईल. दोन आकारांत मन अडले तर लहान घ्या आणि तो कडक पेटवा.

धुराड्याकडे येऊ, कारण इन्सर्टच्या निवडीत खरा प्रश्न तोच आहे. जुन्या फायरप्लेसचे धुराडे उघड्या जाळासाठी बांधलेले असते. समजा आतून ते बारा इंच लांब, बारा इंच रुंद आहे. म्हणजे 144 चौरस इंचांची वाट. बहुतेक इन्सर्टचा पाइप सहा इंच व्यासाचा, त्याची वाट 28 चौरस इंच. पाचपट मोठ्या वाटेत शिरलेला धूर रेंगाळतो, थंड विटांना लागून गार होतो, आणि सव्वाशे अंशांच्या खाली आला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्ये भिंतींवर जमतात. आधी भुसभुशीत काजळी, मग पापुद्रे, मग चकचकीत काळे डांबर. याला क्रिओसोट म्हणतात. एखाद्या दिवशी जोरदार जाळात ते पेटले, तर धुराड्यात हजार अंशांच्या पुढची आग लागते, विटा तडकतात आणि छताचे लाकूड पेट घेऊ शकते. एके काळी इन्सर्ट नुसता पोकळीत ढकलून त्याचा धूर त्या प्रशस्त धुराड्यात मोकळा सोडून देत. असे बसवलेले इन्सर्ट जुन्या घरांत आजही सापडतात. घर विकत घेताना इन्सर्ट दिसला, तर त्याचा पाइप वरपर्यंत गेला आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

यावर उपाय एकच: इन्सर्टचा धूर जिथून निघतो तिथपासून धुराड्याच्या टोकापर्यंत सलग स्टेनलेस स्टीलचे अस्तर, आणि धुराडे बाहेरच्या भिंतीला असेल तर त्या अस्तराभोवती उष्णतारोधक वेष्टन. फायरप्लेसच्या गळ्याशी, अस्तराभोवतीची मोकळी जागा पत्र्याने बंद करून घ्यावी, नाहीतर पंख्याने मिळवलेली ऊब धुराड्यात चढून बसते. बसवणारे पुष्कळदा हा पत्रा वगळतात, म्हणून तो करारात लिहून घ्यावा. अस्तर आणि मजुरी यांचा खर्च कधीकधी स्टोव्हच्या किमतीला भिडतो. तो वाचवायचा असेल तर इन्सर्ट घेऊच नये, इतके माझे मत स्पष्ट आहे. धुराडे उंचीलाही पुरेसे हवे. छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत असलेल्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट उंच, असा अमेरिकेतला नियम आहे. वाऱ्याचा झोत छतावरून खाली वळतो, त्याच्या वर तोंड राहावे म्हणून.

आणखी एक सापळा. गेल्या काही दशकांत बांधलेल्या अमेरिकी उपनगरांतल्या कितीतरी फायरप्लेस विटांच्या दिसतात, पण आत कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी आणि पत्र्याचे धुराडे असते. वीट म्हणजे फक्त दर्शनी मुलामा. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समधली आपली मराठी मंडळी ज्या वस्त्यांत घरे घेतात, तिथे अशी घरे भरपूर आहेत. अशा पेटीत, त्या पेटीसाठी मान्यता नसलेला इन्सर्ट बसवणे धोक्याचे असते. आत टॉर्च मारून पाहा. पत्रा दिसला, तर पेटीवरची धातूची पट्टी शोधा, तिच्यावरचा मॉडेल क्रमांक उतरवून घ्या आणि मगच दुकानात जा.

घर स्वतःही हवा ओढते, हे फारसे कोणी सांगत नाही. गरम हवा वर चढते, वरच्या मजल्यावरच्या फटींतून निघते, आणि खालच्या मजल्यावर, विशेषतः तळघरात, हवेचा दाब कमी होतो. म्हणून तळघरातला स्टोव्ह पेटवताना खोलीत धूर ओकतो. त्यात स्वयंपाकघरातला पंखा. मिरचीच्या फोडणीचा ठसका सहन होत नाही म्हणून आपल्या घरांतून ताकदीचा पंखा बसवून घेतात. हवाबंद नव्या घरात तो सुरू झाला की बाहेरची हवा आत येण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे धुराडे, आणि तिच्याबरोबर धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही आत येतात. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने झोपेत माणसे दगावतात. अशा घरात स्टोव्हला बाहेरून हवा पुरवणारी स्वतंत्र नळी द्यावी, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटी प्रत्येक मजल्यावर लावावी. यात काटकसर करू नये.

वीज जाते तेव्हा काय होईल, याचाही विचार खरेदीआधी हवा. बर्फाच्या वादळात चार दिवस वीज नसणे हे न्यू इंग्लंडमध्ये अघटित नव्हे, आणि बरेच जण याच भीतीने स्टोव्ह घेतात. मग हे ध्यानात असू द्या: दाबलेल्या भुशाच्या गोळ्या जाळणारा पेलेट स्टोव्ह सहसा विजेशिवाय चालत नाही, आणि इन्सर्टचा पंखा थांबला की त्याची बरीचशी ऊब विटांतच अडकते. मोकळा उभा वुडस्टोव्ह मात्र तसाच तापत राहतो, वर चहाचे भांडेही ठेवता येते. फायरप्लेसपुढे जागा असेल, तर तिथे मोकळा स्टोव्ह ठेवून त्याचा पाइप जुन्या धुराड्यातल्या अस्तराला जोडणे मला इन्सर्टपेक्षा सरस वाटते.

उरले सरपण. ओल्या लाकडाने फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी काढलेल्या आपल्या आज्यांना जे कळत होते, तेच इथे आकड्यांत सांगतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे दहा किलो लाकूड घातले, तर त्यात पाच किलो पाणी, आणि ते उडवायला साधारण साडेतीन युनिट ऊर्जा जाते. उरलेल्या पाच किलो पूर्ण कोरड्या लाकडात जवळपास पंचवीस युनिट असतात, म्हणजे हा तोटा सोसण्यासारखा वाटेल. पण खरे नुकसान पुढेच आहे. पाणी उडत असेतो पेटी तापत नाही, सहाशे अंश गाठले जात नाहीत, वायू न जळता निघून जातात आणि धुराड्यात डांबर धरते. जगातला सर्वोत्तम स्टोव्ह ओल्या लाकडावर जुन्या खटाऱ्यासारखाच धूर ओकतो. म्हणूनच इंग्लंडने मे 2021पासून घरगुती वापरासाठी दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालणार नाही, असा नियम केला.

अमेरिकेत सरपण कॉर्डने विकतात: चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रचलेला ढीग, 128 घनफूट. विकणारा 'वाळलेले' म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नका. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्त मिळते. ढलपी मधून फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर सुया टोचा. बाहेरची साल नेहमीच कोरडी असते. ओकला फोडून, वारा खेळेल असे रचून, वरून फक्त माथा झाकून दोन वर्षे लागतात. ॲश त्याहून लवकर वाळतो. 2002मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने तिथले ॲशचे कोट्यवधी वृक्ष मारले. तो भुंगेरा सरपणाबरोबर गावोगाव गेला, म्हणून लाकूड जवळपासचेच घ्यावे, सुट्टीवरून गाडीत भरून आणू नये. पाइनने धुराडे पेटते हा समज सोडून द्यायला हरकत नाही. नॉर्वेत पिढ्यान् पिढ्या स्प्रूस जाळतात; लाकडाची जात दुय्यम, ओलावा मुख्य.

एक गोष्ट मात्र कुठल्याही स्टोव्हने सुटत नाही. मोंटाना राज्यातले लिबी हे डोंगरांमधले गाव. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात अडकते आणि धूर वर जाऊ शकत नाही. तिथे 2005 ते 2007 या काळात अकराशेच्या वर जुने स्टोव्ह काढून नवे बसवले. हिवाळ्यातले सूक्ष्म कण साधारण तीस टक्क्यांनी घटले, आणि मुलांच्या छातीतली घरघर कमी झाल्याचे पालकांनी सांगितले. ही मोठी कमाई आहे. पण सत्तर टक्के कण उरलेच. उत्तम लाकडी जाळदेखील गॅसच्या शेगडीइतका किंवा विजेच्या हीटपंपइतका स्वच्छ नसतो.

म्हणून माझा सल्ला असा. दाट वस्तीत राहत असाल, खोऱ्यात राहत असाल, घरात किंवा शेजारी दम्याचे कोणी असेल, किंवा दोन वर्षांचे सरपण रचायला अंगण नसेल, तर स्टोव्ह घेऊ नका. थंड प्रदेशासाठी बनवलेला हीटपंप घ्या. घेणार असाल, तर या वसंतात लाकूड आणून फोडून रचा. मग प्रमाणित धुराडेवाल्याला बोलावून धुराडे आतून पाहून घ्या, नगरपालिकेचा परवाना काढा, विमा कंपनीला कळवा. पुढे धुराडे दरवर्षी तपासून घ्यावे लागेल, आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवावी लागेल, कारण राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. हे सगळे करायची तयारी असेल, तर दुकानात जा आणि विक्रेता दाखवेल त्याहून एक नंबर लहान स्टोव्ह मागा.